मूत्रपिंडाचा कर्करोग : जीवितकाल ठरवणारे घटक

मूत्रपिंडाचा म्हणजेच किडनीचा कर्करोग झालेला रुग्ण किती काळ जगेल, हे सर्वांत जास्त अवलंबून असते ते निदानाच्या वेळी रोग कुठवर पोहोचला आहे यावर. अमेरिकेतील नोंदींनुसार गाठ मूत्रपिंडापुरतीच असेल तर पाच वर्षांचे सापेक्ष जीवितप्रमाण (म्हणजे त्याच वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण) ९० टक्क्यांच्या पुढे असते; रोग फुप्फुसे, हाडे किंवा मेंदूपर्यंत गेला की ते २० टक्क्यांच्याही खाली येते. गाठ ४ सेंमीपर्यंतची असेल तर बहुधा तेवढाच भाग काढून बाकीचे मूत्रपिंड वाचवता येते. अशा लहान गाठी दुखत नाहीत. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत त्या अचानक दिसतात, आणि हेच त्या रुग्णाचे मोठे भाग्य. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसेपर्यंत रोग बहुतेकदा पुढे गेलेला असतो.

या कर्करोगाची एक विलक्षण खोड आहे. तो मूत्रपिंडाच्या शिरेत शिरतो आणि अधोमहाशिरेतून (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेतून) कधी कधी थेट हृदयापर्यंत वाढत जातो. ऐकूनच धडकी भरते. पण रोग इतरत्र पसरलेला नसेल तर शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण कित्येक वर्षे जगतात. लसीकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पोहोचलेला रोग जास्त चिंतेचा.

मग येते पॅथॉलॉजीची काच, म्हणजे गाठीच्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. तिच्यावरून रोगाची १ ते ४ अशी ग्रेड ठरते; ग्रेड जितकी वरची, तितका रोग आक्रमक. पेशीच्या केंद्रकातला ठिपका, म्हणजे केंद्रिका, ४०० पटींवरही जेमतेम दिसली तर ग्रेड १. १०० पटींवरच ठळक दिसली तर ग्रेड ३. सार्कोमॅटॉइड बदल, म्हणजे पेशींना आलेला लांबट, चातीसारखा आकार, आढळला की ग्रेड ४. पूर्वी या प्रकारापुढे औषधे हतबल असत. इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाविरुद्ध लढायला लावणाऱ्या औषधांना, मात्र तो चांगला प्रतिसाद देतो.

पसरलेल्या रोगात रुग्णाचे शरीरच बरेच काही सांगते. २००९ साली मांडलेल्या आयएमडीसी निकषांत (पसरलेल्या किडनी-कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय नोंदगटाच्या निकषांत) सहा धोके मोजतात: रोजची कामे करण्याची खालावलेली क्षमता, निदानापासून वर्षाच्या आत औषधोपचार सुरू करावे लागणे, कमी हिमोग्लोबिन, आणि वाढलेले कॅल्शियम, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) व प्लेटलेट. म्हणजे बहुतेक उत्तरे साध्या रक्ततपासणीत मिळतात. २०१३ च्या पडताळणीत एकही धोका नसलेल्यांचा मध्यक जीवितकाल सुमारे ४३ महिने होता, एक-दोन धोके असलेल्यांचा २२, तर तीन किंवा अधिक असलेल्यांचा ८ महिन्यांच्या आतला. हे आकडे इम्युनोथेरपी रुळण्याआधीचे आहेत. आजच्या रुग्णाला ते जसेच्या तसे ऐकवणे अन्यायाचे ठरेल. शिवाय मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले.

मूत्रपिंड काढल्यावर दहा वर्षांनीही रोग उलटू शकतो, म्हणून तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवतात.