मित्राच्या मदतीला धावणं आणि मित्राच्या लढाईत उतरणं

कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी स्फोट झाला आणि १७ माणसं गेली. पुण्यात राहणाऱ्याला त्यानंतर 'दहशतवादाशी जो लढतो तो आपला' असं वाटणं साहजिक आहे. मलाही वाटलं होतं. पण त्या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळतात. मित्रावर हल्ला झाला म्हणून मदतीला जाणं ही एक. मित्राने लढाई ठरवली म्हणून तिच्यात उतरणं ही दुसरी.

अमेरिकेचं अफगाणिस्तानातलं युद्ध सुरुवातीला पहिल्या प्रकारात बसत होतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी नाटो या अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय देशांच्या लष्करी आघाडीने आपल्या करारातल्या 'एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा' या पाचव्या कलमाचा पहिल्यांदाच आधार घेतला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३६८ व्या ठरावात स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. हल्लेखोर अल कायदा, आसरा देणारे तालिबान. कोणाविरुद्ध आणि कशासाठी, हे सांगता येत होतं.

२००३ मध्ये अमेरिकेने इराकवर केलेल्या चढाईचं तसं नव्हतं. त्या हल्ल्यात इराकचा हात नव्हता, संहारक अस्त्रं पुढे सापडली नाहीत, चढाईला सुरक्षा परिषदेची परवानगीही नव्हती. तरी नाव तेच, 'दहशतवादाविरुद्धचं युद्ध'. ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी जुलै २००२ मध्येच अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना लिहिलं होतं, 'काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन.' मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच: कारण तपासून व्हायच्या आधी शब्द दिला गेला. ब्रिटनने इराक युद्धाची जी चिलकॉट चौकशी केली, तिने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटलं की शांततेचे मार्ग तेव्हा संपलेले नव्हते. तोवर इराकमध्ये १७९ ब्रिटिश सैनिक गेले होते, आणि इराकी माणसं त्याच्या कितीतरी पट.

नकार म्हणजे दगा, असं म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावं. अफगाणिस्तानात त्याने १५८ सैनिक गमावले. इराकला मात्र नाही म्हटलं. तुर्कस्तानच्या संसदेनेही १ मार्च २००३ ला अमेरिकी फौजेला वाट नाकारली. दोघेही आज नाटोतच आहेत.

अर्थात पहिली गोष्ट चालता चालता दुसरी होऊ शकते. अफगाणिस्तानातलं युद्ध २० वर्षं चाललं. पहिल्या वर्षाचं कारण दहाव्या वर्षी पुरत नाही, म्हणून सोबत्याने दर वर्षी नव्याने विचारायला हवं.

पुण्याचा इराकशी संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढायला गेलेल्या तुकडीचं नावच '६ वी पूना डिव्हिजन'. तिच्यात मराठा पलटणी होत्या. उपासमारीचा वेढा सोसून ती एप्रिल १९१६ मध्ये कुत येथे शरण गेली. हे युद्ध आपलं का, असं त्या शिपायांना कुणी विचारलं नव्हतं. २००३ मध्ये अमेरिकेने त्याच भूमीसाठी भारताकडे पुन्हा एक डिव्हिजन मागितली, सुमारे १७ हजार जवानांची. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना जाणार नाही, असं वाजपेयी सरकारने १४ जुलैला कळवलं.