अल्यानिको: या वाइनसोबत मटण का लागतं?

चहा खूप उकळला आणि दूध घालायचं राहून गेलं की पहिल्याच घोटाला तोंड कसं आवळून येतं ना, जीभ टाळूला घासल्यासारखी होते, तर अल्यानिको ही रेड वाइन नुसती प्यायली की साधारण तसंच होतं. आणि मग लोक म्हणतात कडू आहे. कडू नाही हो, तुरट आहे! आपल्याकडे सुपारी, कच्चं केळं, काजूचं बोंडू सगळं खाऊन झालेलं असतं, त्यामुळे हा फरक आपल्याला तरी शिकवायला नको.

अल्यानिको हे खरं तर द्राक्षाचं नाव. इटलीच्या दक्षिणेला कांपानियातल्या ताउराझी गावाच्या आसपास आणि शेजारच्या बाझिलिकातात वूल्तुरे नावाच्या थंडावलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर ते पिकतं. दक्षिण म्हटलं की आपल्याला ऊन आणि समुद्र आठवतो, पण या बागा चांगल्या उंचावर आहेत, रात्री गार असतात, म्हणून द्राक्षातलं आम्ल टिकून राहतं. त्यात हे द्राक्ष महा निवांत, बाकीच्यांची तोडणी कधीच उरकलेली असते आणि हे ऑक्टोबरच्या शेवटी, कधी तर नोव्हेंबरमध्ये तयार होतं. इतके दिवस वेलीवर राहून साखर भरते, म्हणजे पुढे अल्कोहोलही दणकट. आंबटपणा, तुरटपणा, अल्कोहोल, तिन्ही जोरात.

आता तुरट म्हणजे नक्की काय होतं? द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाची तुरट द्रव्यं असतात. आपल्या लाळेत काही प्रोटीन असतात ज्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं, टॅनिन नेमके त्यांनाच चिकटतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात, मग वंगण संपलेल्या मशीनसारखं तोंड खरखरीत लागतं. म्हणजे ही चव कमी आणि स्पर्श जास्त! आयुर्वेदाने तुरटाला सहा रसांत बसवलंय खरं, पण तो ओठाच्या आतल्या बाजूलाही जाणवतो, जिथे चव कळतच नाही. वाइनमधलं आम्ल हा खरखरीतपणा अजून वाढवतं.

आणि इथेच जेवण मदतीला येतं. चहात दूध घातलं की दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन टॅनिनला पकडतं आणि चहा मऊ लागतो, मटणाच्या घासाने तेच होतं, टॅनिनला लाळ सोडून दुसरं प्रोटीन मिळतं, चरबीचे बारीक थेंबही त्यांना धरून ठेवतात, आणि थोडाफार कडूपणा असलाच तर तो मीठ दाबतं. म्हणून तिकडचे लोक अल्यानिकोसोबत भाजलेलं कोकरू, तासन् तास शिजवलेला मटणाचा रागू म्हणजे दाट रस्सा, नाहीतर जुनं खारट पेकोरिनो चीज घेतात. काचोकवाल्लो नावाचं एक चीजपण चालतं, ते जोडीजोडीने काठीवर दोन्हीकडे लोंबकळत ठेवतात, घोड्यावर टांग टाकून बसवल्यासारखं, म्हणे नावही त्यावरूनच पडलं. रागूत टोमॅटो असतो, तिथे कमी आंबट वाइन अगदी फिकी पडते, ही नाही पडत.

मासे मात्र नकोच. जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं की रेड वाइनमधलं लोह जास्त असलं तर माशासोबत तोंडात उग्र वास उठतो. आणि आपला तांबडा रस्सा? मटण आहे म्हणून मोह होतो, पण मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे जळजळ ओळखणाऱ्या यंत्रणेला, पेटवतं त्यालाच अल्कोहोलही चाळवतं, म्हणजे आगीत तेल. माझ्या मते कमी तिखट सुकं मटण किंवा साधं भाजलेलं मटण घ्या, छान जमतं.

कोवळी अल्यानिको पिण्यात फारशी मजा नाही. ताउराझी गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अल्यानिकोला 1993 मध्ये इटलीचा सगळ्यात वरचा डीओसीजी दर्जा मिळाला, त्यात निदान 3 वर्षं मुरवायचा नियम आहे, त्यातलं 1 वर्ष लाकडात, आणि बाटलीवर रिझेर्व्हा (जास्त मुरवलेली) लिहायचं तर 4 वर्षं. या काळात टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जुळत जातात, काही तर गाळ होऊन तळाला बसतात, म्हणून जुनी बाटली हळू ओतायची, शेवटचा घोट खुशाल सोडून द्यायचा. आणि हो, रेड आहे म्हणून फ्रिजमधून काढून थेट ग्लासात नको, गार असताना तुरटपणा जास्त टोचतो, 18 अंशांच्या आसपास येऊ द्या, तोवर मटण शिजतंच.