चिमुकल्या देशांचे संघ: ही गोष्ट सुरू कुठून झाली

आमच्या राजुऱ्यावरून जिवतीच्या पहाडावर चढलं की १४ गावं अशी लागतात ज्यांच्यावर महाराष्ट्रही हक्क सांगतो आणि तेलंगणाही. घरात रेशनकार्ड दोन, मतदार यादीत नाव दोन्हीकडं, शाळा एक मराठी आणि एक तेलुगू. माझ्या बहिणीचं सासर तिकडचंच. दिवाळीत भाचा आला होता, यंदा दहावीत आहे, मोबाईलवर कुठल्यातरी छोट्या छोट्या देशांच्या संघटनेचा झेंडा दाखवत मला म्हणतो, "मामा, आमाले दोन सरकारं आपलं म्हन्तेत, मंग ज्याले कोनीच आपलं म्हनत नाही तो देश रायते का?"

प्रश्न साधा नाही. तेव्हा त्याला मी धड उत्तर देऊ शकलो नाही, नंतर रात्री बसून वाचत गेलो आणि त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहून ठेवतो, कारण मराठीत या विषयावर बोललं जातं ते बहुतेक "बघा कसे येडे लोक" या सुरात, आणि मला ते पटत नाही.

मायक्रोनेशन म्हणजे एखाद्या माणसानं किंवा चार-पाच जणांनी मिळून "हा आमचा देश" असं जाहीर करायचं, झेंडा, घटना, शिक्का, पासपोर्ट सगळं करायचं, पण जगातलं एकही सरकार त्याला मानत नाही. हे लोक आपली बाजू मांडताना एक कागद हमखास पुढं करतात, २६ डिसेंबर १९३३ चा माँटेव्हिडिओ करार. अमेरिका खंडातले देश उरुग्वेच्या राजधानीत जमले होते तिथं तो झाला. त्यात राज्याच्या, म्हणजे स्वतंत्र देशाच्या, चार अटी आहेत: कायमची वस्ती, ठरलेली जमीन, सरकार, आणि दुसऱ्या राज्यांशी संबंध ठेवायची क्षमता. वर तिसऱ्या कलमात असंही म्हटलंय की राज्याचं अस्तित्व दुसऱ्यांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. आता पहिल्या तीन अटी माणूस आपल्या वावरात बसूनही पूर्ण झाल्या म्हणू शकतो, चौथीला मात्र समोर दुसरं कोणीतरी लागतं. मोठे देश तर दारात उभं करत नाहीत. मग आपल्यासारखेच शोधायचे, एकमेकांशी तह करायचे, एकमेकांना मान्यता द्यायची. संघटनांचं मूळ मला इथं दिसतं, आणि गंमत नाही, तो करारसुद्धा एका खंडातल्या देशांच्या प्रादेशिक परिषदेतूनच निघाला होता.

पण सुरुवातीच्या लोकांना संघबिंघ सुचलाच नव्हता, त्यांचं दुखणं वेगळं होतं. ऑस्ट्रेलियात पर्थच्या उत्तरेला ५०० किलोमीटरवर लिओनार्ड कॅसली नावाचा कास्तकार होता. १९६९ साली सरकारनं गव्हाला कोटा लावला. याचा गहू उभा होता ९,९०० एकरांच्या आसपास, आणि कोट्यात विकायची परवानगी मिळाली साधारण ९९ एकरांच्या मालाची. म्हणजे शंभरातला एक भाग. अर्ज केले, दाद मागितली, काही झालं नाही, तेव्हा शेजारशेजारच्या पाच कुटुंबांनी मिळून २१ एप्रिल १९७० ला जाहीर केलं की आमची जमीन, सुमारे ७५ चौरस किलोमीटर, आता ऑस्ट्रेलियात नाही, ती हट रिव्हर.

हे वाचताना मला आमचे बाबा आठवले. १९७२ पासून आपल्याकडं कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस राज्याबाहेर नेऊन विकायला बंदी. आमच्या धुऱ्यावरून दिसणाऱ्या डोंगरापलीकडं आदिलाबादचा जिल्हा, तिकडं भाव बरा असल्याची बातमी यायची आणि घरात पऱ्हाटीचं पांढरं सोनं छतापर्यंत रचलेलं असायचं. बाबा रात्री उठून कंदील घेऊन ढिगाला हात लावून बघायचे, कापूस आतून गरम तर होत नाही ना म्हणून. त्यामुळं कॅसलीला कोणी विक्षिप्त म्हटलं की मला राग येतो. ज्याचं पीक घरात अडकलं त्यालाच कळतं ते.

त्याच काळात इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात महायुद्धातला एक सोडून दिलेला बुरुज रॉय बेट्स यांनी ताब्यात घेऊन २ सप्टेंबर १९६७ ला सीलँड जाहीर केलं. १९६८ ला इंग्लंडच्या कोर्टानं हे ठिकाण आपल्या सागरी हद्दीबाहेर असल्याचं धरलं, पुढं १९८७ मध्ये ब्रिटननं हद्दच ३ वरून १२ सागरी मैलांवर नेली. हट रिव्हर काय आणि सीलँड काय, दोघांचं सगळं लक्ष मोठ्या सरकारशी भांडण्यात.

एकमेकांकडं बघायची सवय लावली ती एका पोरानं. अमेरिकेत मिलवॉकी शहरात रॉबर्ट बेन मॅडिसन हा १४ वर्षांचा मुलगा, आई नुकतीच वारलेली, त्यानं २६ डिसेंबर १९७९ ला आपल्या बेडरूमचं राज्य केलं आणि नाव ठेवलं टालोसा. फिनिश भाषेतला शब्द आहे, अर्थ "घराच्या आत". आई गेलेल्या घरात पोरानं हे नाव निवडलं, यावर मी जास्त काही लिहीत नाही. पण पुढं त्यानं त्या देशासाठी आख्खी एक भाषा रचली, आणि १९८० मध्ये लीग ऑफ सेसेशनिस्ट स्टेट्स नावाचा संघ काढला. फुटून निघालेल्या राज्यांचा संघ. या प्रकारातला हा अगदी सुरुवातीचा. सभासद म्हणजे त्याच परिसरातले असेच दुसरे छोटे देश, म्हणजे खऱ्या अर्थानं शेजारी शेजारी.

नंतर इंटरनेट आलं. टालोसाची वेबसाइट नव्वदच्या दशकातली. त्याआधी असा माणूस आपल्या गावात एकटाच असायचा, त्याला वाटायचं हे खूळ फक्त आपल्यालाच, आणि नेट आल्यावर कळलं की अरे, जगभर आपल्यासारखे आहेत, मग एकदम पूर आल्यासारखे देश निघाले आणि देशांमागं संघ निघाले, कारण संघ काढायला पत्ता लागत नाही आणि भाडंही लागत नाही. बहुतेकांनी ढाचा संयुक्त राष्ट्रांचा उचलला: सनद, सरचिटणीस, परिषद, ठराव, मतदान. २००९ चं ग्रँड युनिफाइड मायक्रोनेशनल त्यातलं नाव टिकवलेलं, त्यांच्या बैठका स्काइपवर व्हायच्या. बाकीचे कित्येक संघ वर्ष-दोन वर्षांत मिटले. चालवणारी पोरं शाळा-कॉलेजची, परीक्षा आली की सरचिटणीस गायब, रुसवा झाला की निम्मे सभासद उठून दुसरा संघ काढणार. आपल्याकडं गणेश मंडळं फुटतात अगदी तसं. पण खरं कारण मला वेगळं वाटतं. त्या संघांना करायला काम नव्हतं. मी तुला मानतो, तू मला मान, झालं. पुढच्या बैठकीला विषय काय?

जिथं विषय होता तिथं संघ वेगळे निघाले, आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण बर्फाचं आहे.

अंटार्क्टिकावर १ डिसेंबर १९५९ ला १२ देशांनी करार केला. त्याच्या चौथ्या कलमानं कोणत्याही देशाला नवा हक्क सांगायला मनाई केली. तिथं मेरी बर्ड लँड नावाचा १६ लाख चौरस किलोमीटरचा पट्टा असा की त्यावर कोणत्याच देशाचा दावा नव्हता, महाराष्ट्राच्या पाचपट जमीन आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचंच नाही असं समजा. कराराचं म्हणणं देशांपुरतं, मग एखाद्या माणसानं सांगितला हक्क तर? असा अर्थ लावून ट्रॅव्हिस मॅकहेन्री या अमेरिकन माणसानं २००१ मध्ये वेस्टार्क्टिका जाहीर केलं. बेल्जियमच्या नील्स व्हर्मिर्श यांनी २००८ मध्ये त्याच किनाऱ्याजवळची पाच बेटं धरून फ्लँड्रेन्सिस काढलं. आणखीही आले. आता एकाच बर्फावर दोघातिघांचं नाव. इथं पहिल्यांदा या लोकांमध्ये खराखुरा धुऱ्याचा वाद उभा राहिला, जमीन कोणी पाहिलेली नसली तरी. म्हणून २००८ मध्ये अंटार्क्टिक मायक्रोनेशनल युनियन निघाली, कोणाचा दावा कुठपर्यंत हे ठरवायला, आणि २०१० मध्ये पश्चिम अंटार्क्टिकावाल्यांचा आपसात तह झाला. प्रादेशिक संघटना म्हणता येईल अशी ही पहिली ठळक गोष्ट, प्रदेश एक आणि भांडणही एक. पुढं वेस्टार्क्टिका आणि फ्लँड्रेन्सिस या दोघांचं बोलणंच बदलत गेलं. हवामान बदल, वितळणारा बर्फ, तिथला निसर्ग वाचवणं हेच काम झालं, फ्लँड्रेन्सिस तर म्हणतं की आमच्या बेटांवर माणूस नकोच. मला यात काही हास्यास्पद दिसत नाही.

दुसरा धागा भाषेचा. फ्रेंच बोलणाऱ्या चिमुकल्या देशांनी आपली वेगळी संघटना केली, मायक्रोफ्रँकोफोनी म्हणतात तिला, २०१६ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एग-मोर्त या जुन्या तटबंदीच्या गावात त्यांची पहिली परिषद भरली. भाषा एक असली की बैठकीला बोलायला विषय शोधावा लागत नाही.

तिसरा धागा समोरासमोर भेटण्याचा. २००३ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीला हाराक्का बेटावर कलाकारांच्या महोत्सवात मायक्रोनेशनची शिखर परिषद झाली, सीलँड, लॅडोनिया वगैरे आले होते. २०१० मध्ये सिडनीजवळ डांगर बेटावर पोलिनेशन नावाची परिषद, त्यात विद्यापीठातले अभ्यासकही होते. आणि २०१५ मध्ये नेवाडातल्या मोलोसिया या चिमुकल्या देशाचे केव्हिन बॉ यांच्या पुढाकारानं कॅलिफोर्नियात मायक्रोकॉन भरलं, तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी ते होतं, अटलांटा, हॅमिल्टन, लास व्हेगास. माणसं गणवेश घालून, बिल्ले लावून येतात, भाषणं देतात, तहावर सह्या करतात.

लॅडोनियाचं नाव आलं तर एक सांगतो, कारण ते माझ्या मनातून जात नाही. स्वीडनमध्ये लार्स विल्क्स या कलाकारानं समुद्रकाठी वाहून आलेल्या लाकडांचं शिल्प उभारलं, प्रशासनाशी भांडण झालं आणि १९९६ मध्ये त्यानं तो तुकडा देश म्हणून जाहीर केला. २००२ मध्ये पाकिस्तानातून ३,००० वर लोकांनी तिथलं नागरिकत्व मागणारे अर्ज केले, त्यांना वाटलं हा राहायला जाता येईल असा खरा देश आहे. गावाकडून दुबईला जायला एजंटामागं फिरणारी पोरं मी पाहिलीत, पासपोर्टच्या फोटोसाठी मित्राचा इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत बसलेली. नागरिकत्व हा शब्द त्यांच्यासाठी काय असतो ते मला माहीत आहे.

इथं एक फरक सांगायलाच पाहिजे. ११ फेब्रुवारी १९९१ ला हेगमध्ये स्थापन झालेली यूएनपीओ ही संघटना ज्यांना जागतिक व्यासपीठावर जागा नाही अशा खऱ्या जनसमूहांची आहे, तिबेटसारख्यांची. तिला या यादीत बसवू नये. आपली स्वतंत्र विदर्भाची मागणीही यात येत नाही, ती देशातलंच राज्य मागते, आणि १९५५ च्या फाजल अली आयोगानं तशी शिफारसही केली होती.

जवळचं उदाहरण हवंच असेल तर मी गडचिरोलीकडं बोट दाखवीन. मेंढा-लेखाच्या लोकांनी म्हटलं, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार", आणि भारताच्या कायद्यात राहूनच २००९ मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. पुढं कोरची तालुक्यातल्या ग्रामसभा एकत्र येऊन त्यांची महाग्रामसभा झाली. त्यांच्यात वाटून घ्यायला तेंदूपत्ता होता, ठेकेदाराशी भाव ठरवायचा होता, जंगल राखायचं होतं. बैठकीला विषय आपोआप होता.

हट रिव्हरला असा संघ कधी मिळाला नाही. पर्यटक यायचे, शिक्के आणि तिकिटं विकली जायची, पण ऑस्ट्रेलियाच्या कोर्टानं थकलेला कर भरायला लावला, जवळपास ३० लाख डॉलर. कॅसली यांनी २०१७ मध्ये मुलाकडं कारभार दिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये वारले. कोरोनात पर्यटन बंद पडलं आणि ३ ऑगस्ट २०२० ला मुलानं देश विसर्जित केला, कर फेडायला शेती विकायला काढली. ज्या जमिनीवरचा गहू वाचवायला हे सगळं सुरू झालं होतं, तीच जमीन.

भाच्याला फोनवर हे सांगितलं तर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अन् मामा, थो गहू? त्या सालचा गहू विकला का त्यायचा?"