धोकादायक कुत्रा: धन्याला ताकीद ते जातींची यादी

आजच्या इराकमध्ये एश्नुन्ना नावाचं नगरराज्य होतं. तिथल्या सुमारे 3,800 वर्षांपूर्वीच्या कायद्यात चावऱ्या कुत्र्याबद्दल एक कलम आहे. कुत्रा चावरा आहे अशी ताकीद धन्याला दिलेली असूनही त्याने बंदोबस्त केला नाही आणि कुत्रा चावून माणूस मेला, तर धन्याने 40 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी भरायची. मेलेला गुलाम असेल तर 15. कुत्रा कुठल्या जातीचा होता, हे त्या कलमात कुठेच येत नाही. धन्याला माहीत होतं का, आणि माहीत असून त्याने काय केलं, एवढंच विचारलं जाई.

इंग्लंडच्या जुन्या न्यायव्यवस्थेतही हाच प्रश्न होता, फक्त त्यात एक भोक होतं. आपला कुत्रा चावरा आहे हे धन्याला आधी ठाऊक होतं असं सिद्ध करावं लागे, म्हणजे पहिला चावा बहुधा माफ. 1871 च्या कायद्याने न्यायालयांना धोकादायक कुत्रा नियंत्रणात ठेवण्याचा किंवा मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. तोही कुठल्याही कुत्र्याला लागू होता.

जात या चर्चेत शिरली ती झुंजींच्या वाटेने. खुंटाला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडायचे आणि कुत्र्याने बैलाचं नाक धरून ठेवायचं, हा खेळ ब्रिटनमध्ये 1835 साली बेकायदा ठरला. बैलाचा तमाशा लपवता येत नाही, पण दोन कुत्र्यांची झुंज तळघरातही लावता येते. म्हणून बैलावर सोडल्या जाणाऱ्या बुलडॉगचा टेरिअर या छोट्या शिकारी कुत्र्याशी संकर करून चपळ, न सोडणारे कुत्रे पैदा केले गेले. पिटबुल आणि स्टॅफर्डशर बुल टेरिअर हे त्याच वंशातले. इथे एक गोष्ट नेहमी निसटते: दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडणं आणि माणसावर धावून जाणं या दोन वेगळ्या प्रवृत्ती आहेत. एक असली की दुसरी असतेच असं नाही.

भीतीचा रोख मात्र एका जातीवर कधीच टिकला नाही. ऑस्ट्रेलियाने 1929 मध्ये अल्सेशियनची, म्हणजे जर्मन शेफर्डची आयात बंद केली. त्याच्यात लांडग्याचं रक्त आहे, तो मेंढ्या फाडेल, अशी धास्ती होती. ती बंदी 1970 च्या दशकात उठली. पुढे कधी डॉबरमन, कधी रॉटवायलर, तर कधी पिटबुल. दरवेळी वर्णन तेच, कुत्रा तेवढा नवा.

ब्रिटनने 1991 मध्ये घाईघाईत धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला आणि पिटबुल, जपानी तोसा, डोगो आर्जेन्टिनो, फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. ‘प्रकार’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायदा वंशावळ बघत नाही, डोकं, छाती, पाय, उंची यांची मापं बघतो. त्यामुळे आईबाप वेगळ्याच जातीचे असले तरी पिल्लू यादीत बसू शकतं. 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक्सएल बुली हा पिटबुलच्या वंशातला थोराड कुत्रा विनापरवाना बाळगता येत नाही. त्याच्या निकषात नराची खांद्याजवळची उंची 51 सेंटिमीटर किंवा जास्त, मादीची 48. इतर खुणा जुळत असतील तर बोटभर उंचीवर कुत्र्याचं भवितव्य ठरू शकतं, आणि त्याचा स्वभाव त्या मापात येत नाही.

इतरत्र याद्या उलटही फिरल्या. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी चावे कमी होत नाहीत म्हणून 2008 मध्ये मागे घ्यायचं ठरवलं. इटलीने नव्वदहून अधिक जातींपर्यंत फुगवलेली यादी आधी कमी केली, मग 2009 मध्ये रद्द करून जबाबदारी धन्यावर टाकली. भारतात केंद्राने मार्च 2024 मध्ये 23 जातींवर बंदी सुचवणारं पत्र राज्यांना पाठवलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं.

विज्ञानाचा कौलही साधारण याच बाजूचा आहे. 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात 18,000 हून अधिक कुत्र्यांची माहिती आणि 2,000 वर कुत्र्यांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडे, तपासले गेले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीने उलगडणारा भाग सुमारे 9 टक्के निघाला. म्हणून सगळे कुत्रे सारखे असं मात्र कुणी समजू नये. 50 किलोच्या कुत्र्याचा चावा आणि 5 किलोच्या कुत्र्याचा चावा यांत जखमेचा फरक आहेच. ताकदवान कुत्रा पाळणाऱ्याला चूक करायला जागा कमी उरते, इतकंच.

मुलांच्या बाबतीत याद्यांचा नेम सगळ्यात जास्त चुकला. लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेकदा ओळखीचा असतो आणि प्रसंग घरातच घडतो. ब्रिटनच्या 1991 च्या कायद्यात कुठल्याही जातीचा कुत्रा आवरता न येण्याबद्दल शिक्षा होती, पण धन्याचं स्वतःचं घर त्यातून 2014 पर्यंत बाहेर होतं.

घरातला प्रसंग साधारण असा असतो. कुत्रा कोपऱ्यात हाड चघळतोय, मूल रांगत जवळ जातं. कुत्रा आधी नाक चाटतो, जांभई देतो, तोंड फिरवतो. डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, कान मागे जातात. मग अंग एकदम ताठरतं आणि चघळणं थांबतं. यानंतर गुरगुर, हवेत चावा आणि शेवटी खरा चावा. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या क्रमाला आक्रमकतेची शिडी म्हटलं. गुरगुरल्याबद्दल ज्या कुत्र्याला मार बसतो, तो गुरगुरायचं सोडतो, पण अस्वस्थता तशीच राहते. मग लोक म्हणतात, काही न सांगता चावला. मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं, म्हणून लहानांचे चावे चेहऱ्यावर आणि मानेवर जास्त.

लक्ष ठेवणं म्हणजे त्याच खोलीत मोबाइल बघत बसणं नव्हे. मोठं माणूस हाताच्या अंतरावर आणि नजर दोघांवर हवी. ते जमणार नसेल तर मध्ये फाटक किंवा बंद दार. कुत्रा जेवताना, झोपलेला असताना, आजारी असताना किंवा पिल्लांजवळ असताना मूल जवळ नको. गळ्याला मिठी, तोंडाला तोंड लावणं बंद. कुरवाळायचं ते छातीच्या बाजूला, तीन सेकंद, मग हात काढून घ्यायचा. कुत्रा स्वतःहून जवळ आला तरच पुन्हा. शांत कुत्रा अचानक चिडका झाला तर आधी पशुवैद्याकडे न्यावं, कारण दुखरा दात किंवा सांधा हे नेहमीचं कारण आहे. बाहेर मुसकं लावायचं तर पिंजऱ्यासारखं, ज्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळून बांधणारी पट्टी फिरायला नेताना वापरू नये.

अनोळखी कुत्रा अंगावर आला तर मुलाने पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात अंगाशी, नजर स्वतःच्या पायांकडे आणि झाडासारखं उभं. पडलं तर गुडघे पोटाशी आणि हातांनी मान व कान झाकायचे. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, हळद किंवा तिखट भरायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रेबीजची लस तर लागतेच. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, आणि ते सगळ्या दवाखान्यांत नसतं, म्हणून कुठे मिळतं हे कुत्रा घरी आणतानाच विचारून ठेवावं.