डीसीआयएम: कॅमेऱ्यातले फोटो आपोआप कॉम्प्युटरवर कसे उतरायला लागले

कुठल्याही कॅमेऱ्याचं कार्ड रीडरमध्ये घाला, आत डीसीआयएम नावाचं फोल्डर असतंच. तुमच्या मोबाइलमध्येही आहे. गिरगावातल्या एका लग्नाच्या स्टुडिओत फोटो उतरवून घ्यायचं, निवडायचं आणि अल्बम लावायचं काम मी करतो, त्यामुळे दिवसातून दहा वेळा हे फोल्डर उघडतो. हे नाव आलं कुठून, असं परवा कामावर नव्याने लागलेल्या पोराने विचारलं. त्याला चहा संपेपर्यंत जे सांगितलं, ते जरा नीट लिहून काढतोय.

रोलच्या काळात हा प्रश्नच नव्हता. छत्तीसचा रोल संपला की गुंडाळून लॅबमध्ये धुवायला टाकायचा. फोर्टात बोरा बाजारात कॅमेरे, रोल, फ्लॅश सगळं मिळायचं, आणि फोटो एका जागेहून दुसरीकडे जायचा तो माणसाच्या खिशातून.

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्मही कॉम्प्युटरशी जोडायच्या विचारातून झालेला नाही. कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसनने १९७५ मध्ये जे यंत्र जुळवलं, ते एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचं आणि तो बघायचा टीव्हीवर. विकत मिळणारा खरा डिजिटल एसएलआर आला १९९१ मध्ये, तोही कोडॅकचाच. निकॉन एफ३ च्या बॉडीत १.३ मेगापिक्सेलचा सेन्सर, आणि खांद्याला अडकवायची वेगळी पेटी, तिच्यात २०० एमबीची हार्ड डिस्क. हा प्रामुख्याने वर्तमानपत्रवाल्यांसाठी होता. फोटो उतरवायचा तर पेटीला स्कझी, म्हणजे तेव्हा हार्ड डिस्क जोडायला वापरायची ती केबल लावायची. आमच्यासारख्या लग्नवाल्यांना त्याची किंमत ऐकूनच घाम फुटला असता.

मग साध्या गिऱ्हाइकांसाठीचे कॅमेरे आले आणि खरा घोळ सुरू झाला. ॲपलचा १९९४ चा क्विकटेक १०० घ्या. ६४० बाय ४८० चे जेमतेम आठ फोटो मावायचे आणि ते सिरियल केबलने ओढायचे. त्या काळच्या सिरियल पोर्टमधून सेकंदाला फार तर दहा-अकरा केबी जायचे, म्हणजे शंभर केबीच्या एका फोटोला दहाएक सेकंद. वेग कमी हे एक दुखणं झालं. त्याहून मोठं दुखणं म्हणजे प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कॅमेऱ्यासोबत सीडी यायची, ती हरवली की कॅमेरा म्हणजे शोभेची वस्तू. सोनीने १९९७ मध्ये यातून सरळ पळवाट काढली: मॅव्हिकामध्ये चक्क साडेतीन इंची फ्लॉपी घातली. १.४४ एमबीत मोजकेच फोटो, पण फ्लॉपी काढायची आणि कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये सरकवायची. लोक त्या धिप्पाड कॅमेऱ्याला हसायचे. मला विचाराल तर त्या काळातला सगळ्यात शहाणा कॅमेरा तोच.

कार्डांची भाऊबंदकी थोडक्यात उरकतो. कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४, स्मार्टमीडिया १९९५, मेमरी स्टिक १९९८, एसडी १९९९. लॅमिंग्टन रोडला पाच-सहा खाचांचे कार्ड रीडर विकायला बसले, त्यामागचं कारण हेच.

कार्डाचा आकार कुठलाही असो, आतली मांडणी एकसारखी हवी, असं जपानमधल्या कॅमेरेवाल्यांनी १९९८ मध्ये ठरवलं. त्या नियमावलीचं नाव डीसीएफ. तिच्यात लिहिलंय की सगळ्यात वर डीसीआयएम, म्हणजे 'डिजिटल कॅमेरा इमेजेस', हे फोल्डर असेल. त्याच्या आत तीन आकडे आणि पाच अक्षरं अशी फोल्डरं, आकडे १०० ते ९९९. फोटोच्या नावात आधी चार अक्षरं आणि पुढे चार आकडे, ०००१ ते ९९९९. आठ अक्षरांत नाव बसवायची सक्ती कारण कार्ड फॅट या जुन्या पद्धतीने मांडलेलं, आणि डॉसमधली नावाला आठ, टिंबापुढे तीन अक्षरं ही मर्यादा तिथे पाळलेली. एकाच आकड्याच्या दोन फायली असतील तर त्या एकाच फोटोच्या, म्हणून रॉ (सेन्सरकडून आलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (तयार, लहान केलेला फोटो) जोडीने राहतात. अडोबी आरजीबी या जास्त रंग टिपणाऱ्या पद्धतीत फोटो काढला की नावाची सुरुवात अंडरस्कोरने होते, तेही नंतर याच नियमावलीत आलं. आमचा पोरगा समजत होता की कॅमेरा बिघडलाय.

ही मांडणी ठरली नसती, तर कुठल्याही कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो आपोआप उतरवणारा प्रोग्रॅम लिहिणं फार अवघड गेलं असतं. कार्ड लागलं, डीसीआयएम दिसलं, की प्रोग्रॅमला कळतं की हा कॅमेरा आहे आणि फोटो कुठे सापडतील. पण गोम तिथेच आहे. ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो, आणि एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांतले फोटो नावाने जुळे असतात.

हे मी परळच्या एका लग्नात शिकलो. दोन फोटोग्राफर, दोन कॅमेरे सारखेच. पहिलं कार्ड उतरवलं, दुसरं त्याच फोल्डरवर ओढलं. कॉम्प्युटरने विचारलं, या नावाच्या फायली आधीच आहेत, त्या बदलू का? घाईत 'सगळ्यांना हो' दाबलं. संध्याकाळी अल्बम लावायला बसलो तर अंतरपाट धरलेला एकही फोटो नाही. वधूच्या मामाचे मात्र चाळीस.

"कार्ड पुसलंस का?" आमच्या काकांनी एवढंच विचारलं.

"नाही काका, अजून नाही."

"मग बस. चहा पी."

अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत कार्ड पुसायचं नाही, हा त्यांचा रोलच्या दिवसांपासूनचा खाक्या, निगेटिव्ह जपून ठेवायचा. त्यानेच त्या दिवशी वाचवलं. तेव्हापासून फोटो उतरतानाच नाव बदलून घेतो: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर. तारीख-वेळ फोटोच्या पोटात एक्झिफ नावाच्या नोंदीत लिहिलेली असते, फक्त दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळी जुळवायला लागतात. एकदा नाही जुळवली, तर मंगलाष्टका पंगतीनंतर आल्या.

आता केबलकडे. यूएसबी १९९६ मध्ये आली, पण आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर ती रुळली १.१ नंतर, म्हणजे १९९८ पासून पुढे. १२ मेगाबिटचा वेग, प्रत्यक्षात सेकंदाला एक एमबीच्या आसपास. २००० साली यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटवर नेला. वेगाचा प्रश्न तिथे जवळजवळ मिटला, आणि मग उरला खरा वाद: केबल लावल्यावर कार्डाचा मालक कोण?

एक पद्धत म्हणजे मास स्टोरेज. कॅमेरा बाजूला होतो आणि कार्ड पेन ड्राइव्हसारखं कॉम्प्युटरच्या ताब्यात जातं. सोपं आहे, पण तेवढा वेळ कॅमेऱ्याने फोटो काढायचा नाही, कारण एका वहीत दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर हिशेब बिघडणारच. दुसरी पद्धत पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, तिचं मानक २००० सालचं, पुढे २००५ मध्ये ते आयएसओ १५७४० झालं. ही पद्धत चाळीखालच्या वाण्यासारखी. फळीवरचा डबा तुम्ही स्वतः काढायचा नाही, गल्ल्यापाशी उभं राहून मागायचा. कॉम्प्युटर विचारतो, काय काय आहे? कॅमेरा प्रत्येक फोटोचा एक क्रमांक सांगतो. मग हवा तो क्रमांक मागायचा, कॅमेरा तो फोटो हातात देतो. वही कायम कॅमेऱ्याकडेच.

आणि वाणी हाकही मारतो. नवा फोटो निघाला की कॅमेरा आपणहून 'नवी वस्तू आली' असा निरोप कॉम्प्युटरला पाठवतो. दागिन्यांचे किंवा साड्यांचे फोटो काढताना क्लिक झालं की दोन सेकंदांत मोठ्या पडद्यावर दिसतं, ते या निरोपामुळे. प्रत्येक कंपनीने पीटीपीला आपापली शेपटं जोडली, त्यामुळे शटर आणि ॲपर्चर कॉम्प्युटरवरून फिरवायचं तर अजूनही कंपनीचं, नाहीतर ही शेपटं ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. त्यात मोठं नाव लिनक्सवाल्यांच्या जीफोटोचं. शेकडो मॉडेलांची ही शेपटं त्या मंडळींनी एकेक करून ओळखली आणि फुकट वाटली. केबल लागली की आपोआप फोटो ओढून घ्यायची दोन-चार ओळींची स्क्रिप्ट आमच्या जुन्या मशीनवर आजही चालते, कुणी एक बटण दाबत नाही.

घरगुती माणसाला आपोआपची चव लागली ती विंडोज एक्सपीमुळे, २००१ मध्ये. कॅमेरा लावला की 'काय करू?' विचारणारी खिडकी उघडायची. मॅकवर २००२ च्या जानेवारीत आयफोटो आलं. त्या खिडकीत 'उतरवून झाल्यावर कॅमेऱ्यातले फोटो पुसा' अशी एक चौकट असायची. काका तिला सुरी म्हणायचे.

केबलही नको, हा हट्ट पुन्हा वर्तमानपत्रवाल्यांचाच. निकॉनने २००३ च्या डी२एच सोबत डब्ल्यूटी-१ हा वायरलेस डबा आणला, जो फोटो थेट एफटीपी सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कवरून फायली घेणाऱ्या कॉम्प्युटरवर टाकायचा. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला २००५ मध्ये, त्यामुळे वाय-फाय इथे सगळीकडे पसरायला तसा उशीरच झाला. त्याच वर्षी पीटीपीची वायरलेस आवृत्तीही प्रमाण झाली. मग २००७ मध्ये आय-फाय. एसडी कार्डाच्या पोटातच वाय-फाय, घरी येऊन कॅमेरा नुसता चालू ठेवला की फोटो कॉम्प्युटरवर. कल्पना अफलातून होती. पण कार्ड सुरू करायचं तर कंपनीच्या सर्व्हरकडे जावं लागायचं, आणि २०१६ मध्ये जुन्या कार्डांची सेवा थांबवायची घोषणा झाली तेव्हा धडधाकट कार्डं अडकून पडली. तोवर वाय-फाय कॅमेऱ्याच्या आतच येऊन बसलं होतं. २०१६ मध्येच निकॉनने ब्लूटूथवर सतत जोडलेलं राहणारं स्नॅपब्रिज आणलं, फोटो आता आधी मोबाइलवर जायला लागले.

आमच्याकडे आता हॉलमध्ये छोटा राउटर असतो. मंगलाष्टका चालू असतानाच जेपेग लॅपटॉपवर येत राहतात आणि जेवणं होईस्तोवर पाहुण्यांना पडद्यावर फोटो दिसतात. रॉ मात्र कार्डावरच, ते रात्री केबलने. अनंत चतुर्दशीला लालबागच्या गर्दीत यातलं काही चालत नाही. तिथे हजारो फोन एकाच वेळी हवेत असतात आणि एक फोटो पुढे सरकत नाही. त्या दिवशी आमचा पोरगा भरलेली कार्डं पाकिटात घालतो, पाकिटावर कॅमेऱ्याचा नंबर लिहितो आणि गर्दी कापत पायीच करी रोड स्टेशन गाठतो.