सामुदायिक केंद्रातला तायक्वांदो वर्ग: अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि बेल्टचा वेगळा हिशेब

सामुदायिक क्रीडा केंद्रात मुलांची नावं घालताना पालकांच्या डोक्यात हिशेब सोपा असतो. फॉर्म भरला, फी भरली, आता काही वर्षांत ब्लॅक बेल्ट. यातला फॉर्म आणि फी केंद्राच्या हातात आहे, बेल्ट नाही. केंद्राची पावती ही एका सत्रातल्या एका जागेची पावती असते. बेल्टचा दाखला येतो तो शिक्षक ज्या संघटनेशी जोडलेला आहे तिच्याकडून. त्याचा अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळं. हे आधीच कळलं, तर पुढची बरीच चिडचिड वाचते.

आधी कला कोणती ते विचारा

माहितीपत्रकात अनेकदा नुसतं 'कोरियन मार्शल आर्ट' असं छापलेलं असतं. बहुतेक वेळा ते तायक्वांदो निघतं, पण हापकिदो किंवा टांग सू दोही असू शकतं. हापकिदोत सांधे पिळणं, पकड सोडवणं, फेकणं यांवर भर असतो. लाथा असतात, पण तेवढ्याच नसतात. टांग सू दोच्या जुन्या परंपरेत काळ्याऐवजी गडद निळा पट्टा बांधतात, त्यामुळे निळा पट्टा बांधलेले शिक्षक पाहून 'हे अजून शिकताहेत वाटतं' असं म्हणू नका.

तायक्वांदोतही दोन मोठी घराणी आहेत. १९६६ मध्ये सोलमध्ये स्थापन झालेली आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, हे एक. दुसरं १९७३ चं वर्ल्ड तायक्वांदो फेडरेशन, ज्याचं नाव २०१७ पासून नुसतं वर्ल्ड तायक्वांदो झालं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकं मिळतात ती या दुसऱ्या घराण्याच्या नियमांनी. त्यात चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, आयटीएफच्या लढतीत ग्लोव्ह्ज घालून चालतो. नवशिक्याला पहिल्या सत्रात या फरकाने काही अडत नाही. पण पुढे केंद्र बदललं आणि घराणंही बदललं, तर मिळवलेला बेल्ट तिथे धरला जाईलच असं नाही.

पात्रता

वर्ग वयोगटाप्रमाणे लावलेले असतात आणि वय बहुधा सत्राच्या पहिल्या दिवशी पूर्ण झालेलं लागतं. माझ्या मुलीचा वाढदिवस सत्र सुरू झाल्यावर तीन दिवसांनी होता. ऑनलाइन फॉर्म काही केल्या पुढे सरकेना, आणि मी अर्धा तास इंटरनेटला शिव्या देत बसले. अशा वेळी फॉर्मशी झुंजू नका, कार्यालयात फोन करा. काही ठिकाणी शिक्षकांच्या परवानगीने सूट मिळते, आमच्याकडे मिळाली नाही.

सार्वजनिक पैशांवर चालणारी केंद्रं बहुधा आपल्या हद्दीतल्या रहिवाशांना नोंदणी काही दिवस आधी खुली करतात. बाहेरच्यांना नंतर, उरलेल्या जागांवर आणि पुष्कळदा जास्त शुल्कात प्रवेश मिळतो. तिसरी गोष्ट पातळीची. वर्गाच्या नावापुढे 'पिवळा बेल्ट व पुढे' असं लिहिलं असेल, तर वय बसूनही नवशिक्याला तिथे घेत नाहीत. पालक आणि मूल एकत्र शिकतील असे कौटुंबिक वर्ग असतील, तर तिथे दोघांची नावं स्वतंत्र घालावी लागतात. पालकाने आपलं नाव घातलंच नाही, अशी फजिती नेहमीची.

कागदपत्रं

ओळखपत्र, मुलाचा जन्मदाखला किंवा वयाचा दुसरा पुरावा, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून अलीकडचं वीजबिल किंवा भाडेकरार. पत्त्यावरचं नाव आणि केंद्राच्या नोंदणीचं खातं उघडणाऱ्याचं नाव एकच असावं. सवलत हवी असेल तर उत्पन्नाचा पुरावा, आणि तो अर्ज नोंदणीच्या आधी. फी भरून झाल्यावर सवलत मागितली तर बहुधा 'पुढच्या सत्रात बघू' असं उत्तर मिळतं.

हमीपत्रावर लोक डोळे मिटून सही करतात. त्यात इजा झाल्यास केंद्र कशाला जबाबदार नाही, तातडीच्या वेळी डॉक्टरकडे नेण्याची परवानगी आणि मुलांचे फोटो वापरण्याची मुभा, असं सगळं एकाच कागदावर असतं. फोटोची मुभा बहुतेक ठिकाणी वेगळी नाकारता येते, त्यासाठी चौकट असते.

आरोग्याच्या रकान्यात मात्र काही लपवू नका. दमा, फिट येणं, जुनं फ्रॅक्चर, गुडघ्याचं दुखणं, दातांच्या तारा, चष्मा, सगळं लिहा. 'दमा आहे' एवढ्याने शिक्षकांना काही कळत नाही. 'धावल्यावर धाप लागते, पंप निळ्या पिशवीत आहे, दोन वेळा ओढायचा' असं लिहिलं तर उपयोग होतो. अपंगत्व असेल किंवा जास्तीची मदत लागणार असेल, तर तेही इथेच आणि नोंदणीच्या वेळीच सांगा. मदतनीस नेमायला केंद्राला वेळ लागतो.

नोंदणीचा दिवस

खातं आदल्या आठवड्यात उघडून ठेवा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख त्यात घाला आणि वर्गाचा क्रमांक कागदावर टिपून ठेवा. संध्याकाळच्या आणि शनिवारच्या बॅचेस काही मिनिटांत भरतात. जागा गेली तरी प्रतीक्षा यादीत नाव जरूर घाला, कारण पहिल्या आठवड्यात गळती होतेच. जागा रिकामी झाली की ईमेल येतो आणि उत्तराला मुदत असते. तो ईमेल जाहिरातींच्या ढिगात दबला तर जागा पुढच्याकडे जाते.

परताव्याचा नियम पैसे भरण्याआधी वाचा. सत्र सुरू झाल्यावर पूर्ण पैसे क्वचितच परत मिळतात.

बेल्टचा हिशेब

सत्राच्या शुल्कात बहुधा नुसतं शिकवणं असतं. गणवेश म्हणजे दोबोक, बेल्ट परीक्षेचं शुल्क, लढतीसाठी छातीचं कवच, हेल्मेट, नडगीचे गार्ड, दातांचं गार्ड हा खर्च वेगळा. रंगीत पट्ट्यांच्या पायऱ्यांना गुप म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात: सुरुवात १० व्या गुपपासून, मग खाली उतरत पहिल्यापर्यंत. त्यानंतर दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या. मराठी कानाला शब्द कसाही वाटला तरी हे दान फुकट मिळत नाही. वर्ल्ड तायक्वांदोच्या घराण्यात दानचा दाखला सोलच्या कुक्कीवोन या तायक्वांदोच्या मुख्यालयाकडून येतो. ही वास्तू १९७२ ची. १५ वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी पूम मिळतो आणि वय झालं की तो दानमध्ये बदलून घेता येतो. पहिल्या दाननंतर दुसऱ्यासाठी किमान १ वर्ष, तिसऱ्यासाठी त्यापुढे २ वर्षं थांबावंच लागतं.

म्हणून शिक्षकांना पहिल्याच भेटीत विचारा: दाखला कोणत्या संघटनेचा, परीक्षा किती महिन्यांनी आणि प्रत्येक परीक्षेला काय पडतं. यात उद्धटपणा काही नाही. चांगले शिक्षक लगेच सांगतात. 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं तर मी तरी सत्रापुरतं शिकून घेईन, पण परीक्षेचे पैसे भरण्याआधी थांबेन.

दोबोक पहिल्या दिवशीच घ्यायची घाई नको. सैलसर पँट, टीशर्ट आणि कापलेली नखं पुरतात, कारण वर्ग अनवाणीच होतो. दोन-तीन आठवड्यांनी मूल टिकतंय असं दिसलं की घ्या, एक माप मोठा घ्या आणि पायाची शिलाई घोट्याच्या वर येईल अशी दुमडून टाके घाला. लोळणाऱ्या पँटमध्ये पाय अडकून पडणं हा नव्या मुलांचा हमखास प्रकार आहे.