नियमात नसलेली मनाई : मॅज सायर्स आणि स्त्रियांचे फिगर स्केटिंग

फेब्रुवारी १९०२ मध्ये लंडनला झालेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेसाठी एका विवाहित स्त्रीचा अर्ज आला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघ १८९२ पासून अस्तित्वात होता आणि त्याची जागतिक स्पर्धा १८९६ पासून सुरू होती. परंतु स्पर्धक पुरुषच असला पाहिजे, असे तिच्या नियमांत कोठेही लिहिलेले नव्हते. स्त्री अर्ज करील, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे. अर्ज नाकारायला आधार नसल्याने मॅज सायर्स बर्फावर उतरल्या आणि तीन पुरुषांबरोबरच्या त्या लढतीत दुसऱ्या आल्या. पहिला आलेला स्वीडनचा उलरिक साल्को हा पुढे एकूण दहा वेळा जगज्जेता झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुसऱ्या क्रमांकाचे वजन कळते.

माहेरच्या फ्लोरेन्स मॅडेलीन केव्ह यांचा जन्म १८८१ साली लंडनमध्ये झाला. पती एडगर सायर्स हे स्वतः स्केटर आणि त्यांचे मार्गदर्शकही होते. त्या काळच्या इंग्रजी शैलीत पाय ताठ, हात अंगालगत आणि चेहरा निर्विकार ठेवण्याची शिस्त होती. एडगर यांचा ओढा मात्र युरोप खंडातील मोकळ्या, लयदार शैलीकडे होता. मॅज यांनी हीच शैली आत्मसात केली आणि आंतरराष्ट्रीय परीक्षकांपुढे ती त्यांच्या उपयोगी पडली.

१९०३ मध्ये महासंघाने स्त्रियांना जागतिक स्पर्धेची दारे बंद केली. त्यासाठी दिलेली कारणे आज वाचताना हसू येते: घोळदार घागऱ्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत, एखाद्या परीक्षकाचा स्पर्धक मुलीवर जीव जडलेला असू शकतो, आणि स्त्री-पुरुषांची तुलना करणे अवघड आहे. यांपैकी पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य होते, हे मान्य करावे लागेल. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. वर्तुळ किंवा आठचा आकडा कोरताना स्केटर कोणत्या धारेवर आहे, वळताना घोटा कसा कलतो, हे पाहूनच गुण दिले जात, आणि जमिनीला टेकणारे कापड नेमके तेवढेच झाकत असे. सायर्स यांनी याला शब्दांनी उत्तर देण्याऐवजी पोटरीच्या मध्यापर्यंतच येणारा घागरा वापरायला सुरुवात केली. तुलनेच्या आक्षेपाला तर ब्रिटनमध्येच उत्तर मिळाले. तेथील राष्ट्रीय स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांनाही खुली होती; ती त्यांनी १९०३ मध्ये जिंकली आणि १९०४ मध्ये पुन्हा जिंकताना ज्यांना मागे टाकले, त्यांत खुद्द एडगर होते. त्या संध्याकाळी सायर्स यांच्या घरी काय बोलणे झाले असेल, याचे कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही.

अखेर महासंघाने स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू केली. हा उदारपणा होता, की पुरुषांचा फड सुरक्षित ठेवण्याची सोय होती, याबद्दल दुमत होऊ शकते. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या मताकडे आहे. १९०६ मध्ये दाव्होस येथे झालेली ही पहिली स्पर्धा सायर्स यांनी जिंकली आणि १९०७ मध्ये व्हिएन्ना येथे विजेतेपद राखले.

१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगला प्रथमच स्थान मिळाले. हिवाळी ऑलिंपिक तेव्हा नव्हते, त्यामुळे मुख्य स्पर्धा जुलैत उरकल्यावर ऑक्टोबरमध्ये नाइट्सब्रिज येथील प्रिन्सेस स्केटिंग क्लबच्या कृत्रिम बर्फावर या लढती झाल्या. स्त्रियांच्या गटात पाचही परीक्षकांनी सायर्स यांना पहिला क्रमांक दिला. एडगर यांच्यासह त्यांना जोडीच्या स्पर्धेत कांस्यपदकही मिळाले, अर्थात तेथे जोड्या तीनच होत्या.

त्यानंतर प्रकृतीमुळे त्यांनी स्पर्धा सोडल्या. १९१३ मध्ये पती-पत्नींचे स्केटिंगवरील पुस्तक निघाले आणि सप्टेंबर १९१७ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. दाव्होस आणि व्हिएन्ना येथील त्यांची विजेतेपदे त्या काळी केवळ 'महासंघाची अजिंक्यपदे' म्हणून नोंदली गेली होती, कारण 'जागतिक' हे विशेषण पुरुषांच्या स्पर्धेसाठी राखून ठेवलेले होते. ते सायर्स यांच्या नावापुढे लागले तेव्हा त्या हयात नव्हत्या.